मुंग्यांच्या घरचे पाहुणे

(ग्रामीण शिक्षकांच्या विज्ञान शिबिरातील भाषणाचा मजकूर)



‘आयत्या बिळावर नागोबा’ ही म्हण आपल्या सर्वांच्या तोंडी आहे. परंतु मुंग्यांच्या वारुळात नागोबाखेरीज इतरही बिनबोलावलेले पाहुणे राहतात, हे थोड्यांच्याच लक्षात येते. हे पाहुणे म्हणजे तांबूस रंगाचे लहान भुंगेरे. काही तर तिळाहूनही लहान. मी कलाशाखेचा पदवीधर. कीटकशास्त्र हा माझा अध्ययनविषय नव्हे. तरीही आज हा विषय निवडला, कारण केवळ दिसण्यावरून नाते ठरवू नये हा धडा त्यातून फार स्वच्छपणे मिळतो.

या पाहुण्यांची दोन घराणी प्रमुख आहेत. पहिले पॉससचे. ही प्रजाती थोर स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियस यांनी १७७५ साली प्रसिद्ध केली. दुसरे घराणे युरोपातील क्लॅव्हिजर आणि जगभर पसरलेल्या त्याच्या भाईबंदांचे. दोहोंच्या शृंगिका गदेसारख्या जाड, आणि दोहोंतील अनेकांच्या अंगावर सोनेरी केसांचे झुपके. या झुपक्यांवाटे पाझरणारा स्राव मुंग्या आवडीने चाटतात व पाहुण्याला घरात ठेवून घेतात. एकाच दरबारात वावरणाऱ्या भिन्न कुळांतील माणसांचा पेहराव एकसारखा व्हावा, तसाच हा प्रकार आहे. पेहराव एक, कूळ मात्र निराळे.

मग कूळ ओळखावे कसे? ज्या अवयवांवर मुंग्यांच्या सहवासाची छाप पडलेली नाही, ते पाहावेत. पॉससच्या पावलाला पाच खंड असतात, क्लॅव्हिजरच्या पावलाला तीन. पॉससचे कठीण पंख उदराचा बहुतेक भाग झाकतात; क्लॅव्हिजरचे पंख आखूड असून उदर उघडे राहते. सामान्य भुंगेऱ्याच्या शृंगिकेत अकरा खंड असतात. पॉससमध्ये ते जुळून दोनच दिसतात, तर क्लॅव्हिजरमध्ये सहा. डिवचला असता पॉसस शरीराच्या मागील टोकातून दाहक फवारा सोडतो. या साऱ्यावरून पॉसस हा भूचर भुंगेऱ्यांच्या कुळातील, तर क्लॅव्हिजर आखूडपंखी भुंगेऱ्यांच्या कुळातील ठरतो. पूर्वी पॉससला, तसेच क्लॅव्हिजर ज्यात मोडतो त्या गटाला, स्वतंत्र कुळाचा मान होता. क्लॅव्हिजरचा गट १९९५ साली आखूडपंखी कुळात विलीन करण्यात आला.

रीतीभातीही वेगळ्या. क्लॅव्हिजरला मुंग्या आपल्या तोंडचा घास भरवतात. पॉसस मात्र यजमानाच्याच अळ्यांचा रस शोषतो. पॉससच्या एका जातीचे भुंगेरे राणीमुंगीसारखा ध्वनी काढून कामकरी मुंग्यांना भुलवितात, असे २०१५ साली संशोधकांनी दाखवून दिले.

भारतातील पॉससवर्गीय भुंगेऱ्यांची वर्णने फाउलर यांनी १९१२ साली ग्रंथरूपाने एकत्र केली. क्लॅव्हिजरच्या घराण्याचा सर्वांत जुना ज्ञात पुरावाही आपल्याच शेजारचा, गुजरातेतील लिग्नाइटच्या खाणीतून आलेला आहे. सुमारे ५ कोटी २० लाख वर्षांपूर्वीच्या, राळेपासून बनलेल्या अंबरात एक भुंगेरा जसाच्या तसा राहिला होता. पार्कर व ग्रिमाल्डी यांनी २०१४ साली त्याला ‘प्रोटोक्लॅव्हिजर’ हे नाव दिले. आजच्या क्लॅव्हिजरच्या उदरावरील पट्ट जुळून एक झाले आहेत. याचे मात्र सुटे आहेत. झुपके असूनही पट्ट सुटे! म्हणजे पाहुणचार आधी सुरू झाला व शरीराची आजची घडण पुढे पूर्ण झाली.

आता आपल्या कामाचे. यांतील कित्येक पाहुणे एकाच किंवा मोजक्याच जातींच्या मुंग्यांकडे राहतात. म्हणून भुंगेरा सापडला पण मुंगी कोणती हे टिपले नाही, तर निम्मी ओळख हरवते. बांध फोडताना वा पाया खणताना वारूळ मोडते, तेव्हा अशा पाहुण्याचे नावही आपणास कळत नाही. शिक्षकांनी मुलांसह दगड हलकेच उचलून भिंगातून पाहावे, चित्र काढावे, आणि स्थळ, तारीख व यजमान मुंगीचे वर्णन त्याच कागदावर लिहावे. पाहून झाल्यावर दगड होता तसाच ठेवावा. नोंद काळजीपूर्वक झाली, तर ती कृषी महाविद्यालयास किंवा १९१६ साली स्थापन झालेल्या भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेस कळवावी. खेड्यातील शाळेच्या वहीतील अशी एक ओळ अभ्यासकाला मोलाची वाटेल.