शुश्रूषागृहाची पारख
(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी सभेत केलेले भाषण)



आजच्या सभेत चार शब्द बोलावेत अशी कार्यवाहांची आज्ञा झाली, तेव्हा मी संकोचले. भाषण करणे हा माझा पेशा नव्हे. चौतीस वर्षे मी परिचारिकेचे काम केले. रुग्णाच्या उशाशी उभे राहणे एवढेच मला येते. तरी आज उभी राहिले, कारण आपल्यापैकी अनेकांनी मला एकच प्रश्न विचारला आहे : "सिस्टर, आईला शुश्रूषागृहात ठेवायचे आहे. चांगले कोणते?"

आपल्या भागात मोठ्या दुखण्यांची सोय जुनी आहे. मिरजेचा वानलेस दवाखाना १८९४ पासूनचा. कोल्हापूर-बेळगावात आज अवघड शस्त्रक्रियाही होतात. परंतु शस्त्रक्रिया झाल्यापासून रुग्ण स्वतःच्या पायांनी चालू लागेपर्यंतचे जे दोन-तीन महिने, ते कोणी सांभाळायचे? मुले पुण्याला किंवा बंगळुरूला, घरात दोन म्हातारी माणसे. मग शुश्रूषागृह शोधावे लागते, आणि तेथेच फसगत होते. माझीही झाली. ती हकीकत आधी सांगते.

माझी आई निपाणीची. जन्मभर तिने विड्या वळल्या. एके दिवशी उंबऱ्यात पडली आणि खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया उत्तम झाली. पुढे तिला चालते करावे म्हणून मी एका शुश्रूषागृहात ठेवले. फरशी आरशासारखी, दारात बाग, कचेरीत गोड बोलणारी माणसे. मी परिचारिका असूनही फरशीला भुलले. तिसऱ्या आठवड्यात तिचे लुगडे बदलताना पाहते, तो माकडहाडावर रुपयाएवढी काळी जखम!

मी रात्रपाळीच्या मुलीवर संतापले. तिने मान खाली घालून कन्नडमध्ये सांगितले, "अक्का, रात्री बावीस खाटांना मी एकटीच असते." तिला मराठी येत नव्हते. आईला पाणी मागण्यापुरते कन्नड येत होते. 'माझी कूस बदल' हे सांगण्याइतके येत नव्हते. म्हणून माझी आई रात्रभर पाणीच मागत असे, आणि ती मुलगी बिचारी पाणीच देत असे. दोष त्या मुलीचा नव्हे, आईचाही नव्हे. ज्यांनी बावीस खाटांना एक मुलगी ठेवली त्यांचा होता, आणि न विचारता पैसे भरणाऱ्या माझाही होता.

निरोगी माणूस झोपेतही कूस बदलत असतो. ज्याला ते जमत नाही त्याच्या हाडावरची कातडी दाबली जाते, तेथे रक्त पोहोचत नाही आणि शय्याव्रण होते. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ मध्ये, इंग्लंडातील स्टोक मॅंडेव्हिल येथे डॉक्टर लुडविग गुटमन यांच्याकडे कण्याला इजा झालेले सैनिक येऊ लागले. असे रुग्ण त्यापूर्वी बहुधा दगावतच. गुटमननी दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, प्रत्येकाची कूस बदलण्याचा नेम घातला. पुढे त्यांतले कित्येकजण चाकाच्या खुर्चीत बसून कामाला लागले. मोठ्या शोधांइतकाच हा साधा नेम माणसे जगवतो.

मग पारख कशी करावी? १९६६ मध्ये अमेरिकेतील प्राध्यापक अवेदिस डोनाबेडियन यांनी वैद्यकीय सेवेचे मोजमाप तीन अंगांनी करावे असे मांडले. आपल्या भाषेत सांगायचे तर साधने, वागणूक आणि फळ. आपण बहुतेकजण पहिल्यावरच थांबतो. नुसत्या फळावरही भिस्त ठेवू नये. जे गृह अत्यवस्थ रुग्णच घेत नाही, त्याचे आकडे चांगले दिसणारच.

साधनांत प्रथम नोंदणी पाहावी. कर्नाटकात खासगी वैद्यकीय आस्थापनांचा २००७ चा कायदा आहे. कोगनोळी ओलांडून महाराष्ट्रात गेलात की शुश्रूषागृह नोंदणीचा १९४९ चा कायदा लागतो. संस्थेची नोंदणी शुश्रूषागृह म्हणून आहे की केवळ वृद्धाश्रम म्हणून, हे स्पष्ट विचारावे. दिवसा किती माणसे हे सारेच सांगतात. रात्री दोन वाजता किती, आणि त्यांत शिकलेली परिचारिका कोण, हे विचारावे.

वागणूक पाहायला न कळवता जावे, तेही रात्री जेवणानंतर किंवा रविवारी दुपारी. एखाद्या खाटेची घंटा वाजली तर किती मिनिटांनी कोणी येते ते घड्याळात पाहावे. कूस बदलल्याचा तक्ता मागावा. सगळे रकाने एकाच शाईने, एकाच हाताने भरलेले दिसले तर तो तक्ता सकाळी बसून लिहिलेला आहे असे समजावे. पडझडीची वही मागावी. "आमच्याकडे कोणी पडतच नाही" असे सांगणाऱ्यापेक्षा, कोण केव्हा पडले आणि मग काय सुधारले हे दाखवणारा अधिक विश्वासाचा.

फळ पाहायचे ते आपल्या माणसाच्या अंगावर. दर भेटीत पाठ, खुबे आणि टाचा पाहाव्यात. सावळ्या कातडीवर लाली चटकन दिसत नाही. म्हणून हात लावावा. भोवतालपेक्षा ती जागा गरम किंवा घट्ट लागली तर त्याच वेळी सांगावे. महिन्याला वजन विचारावे. आणि मागच्या आठवड्यात जमत नव्हते असे काय आज जमते, हे विचारावे.

आईला मी दुसरीकडे हलवले. ती इमारत जुनी, कौलारू. पण तेथल्या व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी पहिल्या दिवशी आईला विचारले, "आजी, घरी गेल्यावर तुम्हाला काय करायचे आहे?" आई म्हणाली, "तुळशीला पाणी घालायचंय." त्या दिवसापासून सारा व्यायाम तुळशीपर्यंतच्या चौदा पावलांचा झाला. जखम भरायला तीन महिने लागले. पण आई घरी आली आणि तांब्या हातात घेऊन तुळशीपर्यंत गेली.

न्यासापुढे माझी एक नम्र सूचना आहे. महोत्सवी निधीतून इमारत बांधण्याआधी आपण दोन गोष्टी कराव्यात. आपल्या कुटुंबांतील माणसे जेथे आहेत, त्या प्रत्येक ठिकाणी महिन्यातून एकदा दोघा सभासदांनी न कळवता जावे आणि पाहिलेले वहीत लिहावे. दुसरी गोष्ट, पाणी, कूस, लघवी, दुखते, थंडी वाजते असे दहा शब्द मराठी व कन्नड लिपींत, चित्रांसह छापून प्रत्येक खाटेशी लावावेत. याला पैसा थोडा लागेल, वेळ मात्र लागेल. पहिल्या महिन्याच्या फेरीसाठी माझे नाव लिहून घ्यावे. दुसरे नाव आपल्यापैकी कोणी द्यावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेते.