खनिज तेलासोबत वनस्पती तेल : सहप्रक्रियेचा हिशेब (अध्यक्षीय भाषण)

रिफायनरीतल्या खनिज तेलाच्या प्रवाहात थोडे वनस्पती तेल सोडून दोन्हींवर एकाच संयंत्रात संस्कार करणे म्हणजे सहप्रक्रिया. बायोडिझेलची वाट वेगळी. तेथे तेल आणि मिथेनॉलपासून एस्टर तयार होते आणि तेलातला ऑक्सिजन बराचसा तसाच राहतो. सहप्रक्रियेत तो काढून टाकतात; उरतो निव्वळ हायड्रोकार्बन. ब्राझीलच्या पेट्रोब्रासने २००६ मध्ये सोयाबीन तेलासाठी ‘एच-बायो’ प्रक्रिया मांडली. स्वीडनच्या प्रीम कंपनीने २०१० पासून कागदउद्योगातल्या टॉल तेलाचा वापर सुरू केला.

यासाठी नवा कारखाना लागत नाही. डिझेलमधले गंधक काढणारा हायड्रोट्रीटरच पुरतो : निकेल-मॉलिब्डेनम सल्फाइडचा उत्प्रेरक, ३०० ते ४०० अंश सेल्सिअस तापमान आणि दाबाखालचा हायड्रोजन. तेलाच्या रेणूतल्या तीन लांब साखळ्या सुटतात आणि त्यांना धरून ठेवणारा ग्लिसरॉलचा सांधा प्रोपेन होऊन वायूत जातो. ऑक्सिजन पाण्याच्या रूपाने गेला, तर सोयाबीनसारख्या तेलातून मुख्यतः १८ कार्बनांची साखळी मिळते, पण हायड्रोजन जास्त खर्ची पडतो. ऑक्सिजन कार्बनच्या ऑक्साइडांतून गेला, तर हायड्रोजन वाचतो आणि साखळी १७ कार्बनांवर येते. अनुभवी रसायनज्ञ क्रोमॅटोग्राफवर १७ आणि १८ची शिखरे शेजारी पाहूनच संयंत्रात काय चालले आहे ते ओळखतो.

अडचणी येथूनच सुरू होतात. वनस्पती तेलात वजनाने सुमारे ११ टक्के ऑक्सिजन असतो. त्यामुळे थोड्या तेलानेही हायड्रोजनची मागणी वाढते आणि उत्प्रेरकाच्या वरच्या थरात उष्णता साचते. कार्बन मोनॉक्साइड उत्प्रेरकाला चिकटून गंधक काढण्याचे काम मंद करतो. फॉस्फरस आणि सोडियम थर चोंदवतात, म्हणून तेलातला चिकटा आधीच काढावा लागतो. मुक्त मेदाम्ले नळ्या खातात, तो त्रास वेगळाच.

मिळणाऱ्या डिझेलचा सीटेन अंक उत्तम, पण १८ कार्बनांची सरळ साखळी २८ अंशांलाच गोठते. मुंबईच्या जानेवारीतही ती मेणासारखी घट्ट राहील. विमानाच्या जेट ए-१ इंधनाला तर उणे ४७ अंशांपर्यंत गोठणे परवडत नाही. म्हणून साखळीला फांद्या फोडणारा आणखी एक टप्पा लागतो. जेट इंधनासाठी ५ टक्क्यांपर्यंतच्या सहप्रक्रियेला एएसटीएम या मानकसंस्थेने २०१८ मध्ये मुभा दिली.

भारतात आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी २०२७ पर्यंत १ टक्का शाश्वत इंधनाचे उद्दिष्ट आहे. इंडियन ऑइलच्या पानिपत रिफायनरीला २०२५ मध्ये वापरलेल्या खाद्यतेलापासून असे इंधन बनवण्यासाठी आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळाले. निम्म्याहून अधिक खाद्यतेल आयात करणाऱ्या देशाने ताजे तेल जाळावे, हे न पटणारे आहे. तेव्हा मदार तळणीच्या तेलावर. ध्रुवीय घटक २५ टक्क्यांवर गेले की ते पुन्हा तळायला वापरू नये, हा नियम २०१८ पासून आहे. पण कढईपासून टाकीपर्यंत ते गोळा करणारी साखळी तोकडी आहे. खरी कोंडी तेथे आहे, संयंत्रात नाही.

दुसरा प्रश्न श्रेयाचा. मिश्रणातून निघालेल्या कोणत्या लिटरात किती जैविक कार्बन, हे वहीतल्या वाटपावरून सांगणे सोपे आणि सोयीचे असते. खनिज तेलात कार्बन-१४ उरलेला नसतो, वनस्पती तेलात असतो. म्हणून ते प्रत्यक्ष मोजता येते. सहप्रक्रियेचे आकडे कार्बन-१४च्या मोजणीसह जाहीर व्हावेत, असा ठराव या परिषदेने करावा.