कार्ल्याचं लेणं कोणी घडवलं?

लोणावळ्याजवळच्या कार्ल्याच्या लेण्याचं नाव निघालं, की सातवाहन राजांची आठवण होते. पण त्या काळातली बौद्ध कला मुख्यतः सामान्य माणसांच्या दानातून उभी राहिली. याचा पुरावा दगडावरच आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहात, म्हणजे प्रार्थनागृहात, खांबांवर ब्राह्मी लिपीतले लेख आहेत. कोणता खांब कोणाचं दान, ते तिथे कोरलंय. धेनुकाकट गावच्या अनेकांची नावं त्यांत आहेत. काही दाते तर यवन, म्हणजे ग्रीक किंवा परदेशी, आहेत. दर्शनी भागात दारासाठी दान देणारा एक गंधी, म्हणजे सुगंधी द्रव्यांचा व्यापारी, भेटतो. स्वामी नावाच्या सुताराचंही नाव आहे. सुताराचं नाव दारावर राहिलं, हे मला फार मोलाचं वाटतं.

कोणी म्हणेल, राजांनीही दानं दिलीच की! खरं आहे. नाशिकच्या पांडवलेण्यांत गौतमी बलश्री या सातवाहन राजमातेनं लेणं दिलं. तिच्या मुलानं भिक्षूंना जमीन दिली. पण त्याच राजमातेचा लेख आपल्या मुलाला श्रेष्ठ ब्राह्मण म्हणतो. म्हणजे घराणं वैदिक परंपरेतलं. राजाश्रय होता, पण सगळा भार त्याच्यावर नव्हता. सामान्य माणसांचं दान, हाच मोठा आधार होता. सांचीच्या स्तूपाचं दक्षिण तोरण पाहा, तिथे दोन्ही बाजू दिसतात. सातकर्णी राजाच्या कारागिरांचा प्रमुख आनंद, याचं दान तिथे नोंदलंय. आणि त्याच तोरणावरचं कोरीवकाम विदिशेच्या हस्तिदंत कारागिरांनी केलं, असंही तिथेच लिहिलेलं आहे.