लक्ष कुठे आहे?

(सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषण)



वडिलांच्या बदल्यांमुळे आमचे बालपण इटारसी, झाशी व आग्रा येथे गेले. वर्गात हाक मारली तरी आम्ही वळत नसू. वळलो तरी चित्त खिडकीबाहेर. शाळेत म्हणत, 'मराठी मुलगा, हिंदी समजत नाही.' घरी म्हणत, 'हिंदी मुलांत राहून मराठी विसरला.' आजोळी 'वांड' हे एकच निदान! ठपका भाषेवर आला. कान तपासण्याचे कोणासही सुचले नाही.

बेचाळिसाव्या वर्षी ऑडिओग्राम निघाला. दोन्ही कानांना उच्च कंपनांचे ध्वनी कमी ऐकू येत. 'स', 'श' त्यांतलेच. म्हणून आवाज पोहोचे, शब्द निसटत. पन्नाशीत मानसोपचारतज्ज्ञांनी दुसरे निदान केले : अवधानाची न्यूनता व अतिचंचलता, अर्थात एडीएचडी. समोरून बोलले तरी ऐकत नाहीसे वाटणे, हे त्याचेही लक्षण. एका दोषाने दुसरा झाकला होता. एडीएचडी हे नाव रूढ झाले १९८७ साली. तेव्हा आम्ही महाविद्यालयात होतो. मग वडिलांना दोष कसा द्यावा? 'लक्ष देत जा,' हे त्यांचे अखेरचे शब्द. श्रवणयंत्र कानाला लागले ते त्यांच्या पश्चात चार वर्षांनी.

परमुलखात मुले वाढविणाऱ्यांना एकच विनंती. दोन भाषांमुळे कान अधू होत नाहीत की चित्त चंचल होत नाही. मूल मागे पडल्यास घरातील मराठी बंद करू नका; आधी कान तपासा, मग अवधान. रागवायला पुढे आयुष्य आहे.