वाहून जाणारा सोडा

भरतकामाच्या दोऱ्याला किंवा उंची शर्टाच्या कापडाला जी रेशमी झांक असते, ती पुष्कळदां कॉस्टिक सोड्याची किमया असते. लँकेशायरमधील जॉन मर्सर यानें १८५० सालीं या कृतीचें पेटंट घेतलें. तिनें सूत बळकट होई, पण कापड आटे. पुढें १८९० च्या सुमारास होरेस लो यानें कापड ताणून धरलें, आणि झांक आली.

या कामीं शंभर भागांत २० ते २५ भाग सोडा असलेलें द्रावण लागतें. मौज अशी कीं, यांतला जवळजवळ सगळा सोडा पुढें धुण्याच्या पाण्यांत उतरतो. तें पाणी तसेंच सोडलें तर मासे मरतात, जमीन चोपण होत जाते. आम्लानें मारावें, तर ४० किलो सोड्यास ४९ किलो गंधकाम्ल लागतें व ७१ किलो सोडियम सल्फेट वाहून जातें. दोन वस्तू विकत घ्यावयाच्या आणि त्यांचा क्षार करून नदीला द्यावयाचा! पंचगंगेजवळच्या इचलकरंजीसारख्या कापडाच्या गांवीं हा हिशेब एकट्या कारखानदाराचा राहत नाहीं.

तेव्हां पाणी आटवून सोडा परत मिळवणें हेंच बरें. मात्र खरी मेख भट्टीपाशीं नसून धुण्याच्या हौदापाशीं आहे. ५ किलो सोडा १०० किलो द्रावणांत असेल, तर तें २५ टक्क्यांवर आणण्यास ८० किलो पाणी उडवावें लागतें. सैल हातानें धुवून द्रावण २०० किलो झालें, तर १८०! म्हणून स्वच्छ पाणी फक्त शेवटच्या हौदांत घेतात. कापड पुढें सरकतें, पाणी एकेका हौदांतून मागें येतें व अधिकाधिक तीव्र होतें. दक्ष गृहिणी कपडे शेवटीं खळबळलेलें पाणी पुढच्या कपड्यांच्या पहिल्या खळबळण्यास ठेवते, तशांतलाच हा प्रकार.

आटवतांना एका पात्राची वाफ दुसऱ्यास तापविते, दुसऱ्याची तिसऱ्यास. पुढच्या पात्रांत दाब कमी असल्यानें तेथें उकळी लवकर येते. नॉर्बर रिल्यू यानें १८४३ सालीं लुइझियानांत उसाच्या रसासाठीं हिचें पेटंट घेतलें होतें. सोडा मात्र रसाइतका सालस नव्हे. २५ टक्क्यांचें द्रावण उकळण्यास साध्या पाण्याहून दहा अंशांवर अधिक उष्णता लागते; त्यामुळें पात्रें हवीं तितकीं वाढवितां येत नाहींत. खळ व तंतु आधीं काढले नाहींत तर फेस उसळतो. शिवाय उघड्या हौदांत हवेंतील कार्बन डायऑक्साइड शोषून कांहीं भागाचा धुण्याचा सोडा बनतो, आणि तो झांक आणण्यास निरुपयोगी. म्हणून परत आलेल्या द्रावणाची नुसती घनता मोजून भागत नाहीं. त्यांत कामाचा सोडा किती, हें तपासूनच तें पुन्हां कापडाकडे धाडतात.