संदर्भांची पेटी : एक की अनेक?



संशोधन करताना प्रत्येक विषयाची वेगळी वही असावी, असे पुष्कळांना वाटते. पण एकच ग्रंथ दोन प्रकरणांना लागतो. मग त्याची नोंद ऐन वेळी सापडत नाही. आधार नसला की खरे विधानही प्रबंधातून गाळावे लागते.

जर्मन समाजशास्त्रज्ञ निक्लास लुमान (१९२७–१९९८) यांच्या सुमारे ९०,००० चिठ्ठ्या दोनच संग्रहांत होत्या. चिठ्ठ्यांना क्रमांक असल्याने एक चिठ्ठी दुसरीचा पत्ता सांगे. २००६ साली आलेली 'झोटेरो' ही संगणकप्रणालीही तेच साधते : नोंद एकच, पण अनेक कप्प्यांत दिसते.

तेव्हा संग्रह एकच ठेवा, विषयांच्या खुणा हव्या तितक्या करा. आणि पालकहो, मुलामुलींच्या टिपणांना घरात एक पेटी द्या. ती रद्दीत जाऊ देऊ नका.