ध्वनिमुद्रिकेवरचा शेवटचा हात

इ. स. १९७७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात अमेरिकेने ‘व्हॉयेजर’ नावाची दोन याने अंतराळात धाडली. प्रत्येक यानावर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एकेक ध्वनिमुद्रिका आहे, आणि तीत गोव्यातील केरी गावी जन्मलेल्या सूरश्री केसरबाई केरकर यांची सुमारे साडेतीन मिनिटांची भैरवी आहे, ही गोष्ट मराठी रसिकांच्या परिचयाची आहे. ज्या कारागिरीमुळे ती भैरवी त्या तबकडीत सामावली, तिचे नाव मात्र क्वचितच कोणी घेतो. या कारागिरीस ‘मास्टरिंग’ असे म्हणतात.

गायन मुद्रित झाले, कंठ, तबला, सारंगी व तंबोरा यांचे परस्परप्रमाण ठरले, की काम संपले अशी सर्वसाधारण समजूत असते. वस्तुतः स्वयंपाक तेवढा झालेला असतो. तो कोणत्या भांड्यात वाढावयाचा हे ठरावयाचे राहते. तबकडी हे मोठे लहरी भांडे. खर्जाचा स्वर कोरणाऱ्या सुईला आडवा मोठा झोका देतो. चर रुंद होतो आणि जागा खातो. म्हणून कोरताना खर्ज कमी करावयाचा व वाजविताना यंत्राकडून तो भरून घ्यावयाचा. तार स्वरांचे याच्या उलट. ते वाढवून कोरावयाचे आणि वाजविताना उतरवावयाचे, म्हणजे त्यांच्याबरोबर तबकडीची खरखरही उतरते. या चढउताराचे प्रमाण अमेरिकेत १९५४ साली निश्चित झाले. त्यातही तबकडीच्या मध्याकडे जावे तसतसा सुईखालून सरकणाऱ्या चराचा वेग मंदावतो आणि स्वरांची धार बोथट होऊ लागते. तेव्हा कोणते गाणे कडेला घ्यावे व कोणते आत, हाही विचार आलाच.

व्हॉयेजरच्या तबकडीत संगीतच जवळजवळ नव्वद मिनिटांचे, शिवाय पंचावन्न भाषांतील अभिवादने (त्यांत मराठीही आहे) आणि शंभरावर चित्रे. मिनिटास सव्वातेहतीस-साडेतेहतीस फेऱ्यांच्या नेहमीच्या गतीत एवढा ऐवज मावणे शक्य नव्हते. म्हणून गती निम्मी, म्हणजे १६⅔ फेऱ्यांवर आणली गेली. स्वरांची थोडी झळाळी सोडली, तेव्हा वेळ मिळाला. मूळ तबकडी कोलोरॅडोतील बोल्डर येथे कोरली गेली. कोरणाराने शेवटच्या कोऱ्या वलयात काही अक्षरे हाताने खरडून ठेवावीत अशी या व्यवसायात रीत आहे. तिला अनुसरून निर्माते टिमथी फेरिस यांनी सर्व जगांतील व सर्व काळांतील संगीतकारांना उद्देशून एक ओळ तेथे लिहिली. आराखड्यात तिची नोंद नाही, म्हणून तपासणीत तबकडी नापसंत होण्याचीच वेळ आली होती!

१९८२ साली कॉम्पॅक्ट डिस्क आली आणि चर, सुई, खरखर ही सारी बंधने सुटली. सुटलेल्या हाताने काय केले? आपले गाणे शेजारच्या गाण्याहून मोठे ऐकू यावे म्हणून गोंगाटाची चढाओढ सुरू केली. वरची मर्यादा ठरलेली. तेव्हा उंच स्वर दाबावयाचे आणि सबंध गाणे वर उचलावयाचे. २००८ मध्ये ‘मेटॅलिका’ या अमेरिकन वाद्यवृंदाचा संग्रह इतका दाबून निघाला, की त्याच्या चाहत्यांनीच निषेधाचे अर्ज भरले. ख्यालगायनावर हाच प्रयोग केला तर काय होते, ते कानांनी अनुभवावे. गायक स्वर लावून थांबला, की त्या विसाव्यात तंबोरा आपोआप फुगून पुढे येतो. गायकाने पुन्हा ‘आ’कार लावला, की दबून मागे जातो. संथ आलाप आणि शेवटची वेगवान तान एकाच उंचीवर येऊन बसतात. चढण उरली नाही, तर शिखर कोठून राहणार? अलीकडे इंटरनेटवरील बहुतेक मोठ्या संगीतसेवा सर्व गाणी साधारण एका मोठेपणावर आणून ऐकवतात, त्यामुळे या चढाओढीचा लाभ बराच नाहीसा झाला आहे. दाबलेले स्वर मात्र दाबलेलेच राहिले.

जुन्या लाखेच्या तबकड्या नव्या रूपात आणताना तर या हाताची खरी कसोटी लागते. मिनिटास ७८ फेऱ्या असे म्हणावयाचे, परंतु आरंभीच्या तबकड्या ती गती काटेकोर पाळीत नसत. गतीत सुमारे सहा टक्क्यांची चूक झाली, की स्वर अर्ध्या पट्टीने सरकतो; काळी एकमध्ये गाणारा गवई पांढरी दोनमध्ये ऐकू येतो आणि त्याचा आवाज उगाच पातळ भासतो. ही चूक निदान सुधारता तरी येते. खरखर पुसण्याच्या अतिउत्साहाला असा उपाय नाही. तंबोऱ्याची जवारी आणि तबकडीची खरखर, दोन्ही तार बाजूलाच वस्ती करून असतात. एकीला हाकलताना दुसरी सहज निघून जाते. राहतो तो गुळगुळीत, निर्जीव तंबोरा आणि श्वास नसलेला गायक. म्हणून जाणता तंत्रज्ञ आधी खरखरीसकट एक प्रत उतरवून घेतो, ती तशीच जपून ठेवतो, आणि मगच दुसऱ्या प्रतीला हात लावतो.